लाइट आली, राउटर का उठला नाही?

गुरुवारी दुपारी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेतून फोन आला. देखभालीच्या कामासाठी सकाळी गेलेली लाइट परत आली होती. पंखे फिरत होते, पाण्याचा कूलर घुमत होता, वाय-फाय तेवढं नव्हतं. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपत आलेली आणि साठेक मुलं मोबाइलचा डेटा पुरवून पुरवून वापरत बसलेली. अभ्यासिका चालवणारे काका म्हणाले, "सकाळपर्यंत उत्तम चालू होतं हो. कुणी हातसुद्धा लावला नाही. लाइटीनंच जाळलेलं दिसतंय."

तो राउटर तीन वर्षांपूर्वी मीच बसवलेला. रास्पबेरी पाय ४ नावाचा तळहातावर मावणारा संगणक, त्यात नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड, कार्डावर लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. संध्याकाळी जाऊन बघितलं तर राउटर जळलेला नव्हता. आणि मुख्य म्हणजे बिघाड त्या गुरुवारी झालेलाच नव्हता. तो तीन महिने आधीच होऊन गेला होता. तीन महिने राउटर आजारी कार्डावर बिनतक्रार चालला, आणि बंद होऊन परत सुरू व्हायची वेळ आली तेव्हा उघडा पडला.

"काल चालू होता, आज का उठत नाही?" हा प्रश्न मला अभ्यासिकांतून, सोसायट्यांच्या ऑफिसांतून, भोसरीच्या छोट्या कारखान्यांतून सारखा येतो. उत्तर समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. थोडं मुळापासून जावं लागतं, एवढंच.

## राउटर हाही एक संगणकच

बाहेरून येणारी इंटरनेटची एक वायर आणि आतले पन्नास मोबाइल-लॅपटॉप यांच्यामध्ये बसून कुणाची चिठ्ठी कुणाला द्यायची हे ठरवणारा संगणक म्हणजे राउटर. दुकानातून आणलेल्या तयार राउटरमध्येही बहुतेक वेळा लिनक्सच असतं. फक्त ते बोर्डावर कायमच्या डाख दिलेल्या चिपमध्ये असतं. घरी किंवा ऑफिसात जुळवलेल्या राउटरमध्ये ते काढता-घालता येणाऱ्या कार्डावर असतं. पूर्वी हे कार्ड काड्यापेटीएवढं कॉम्पॅक्टफ्लॅश असायचं, आता मायक्रोएसडी असतं.

कार्ड वापरायचं कारण साधं आहे. लॅपटॉपवर तयार करता येतं, बिघडलं तर पाच मिनिटांत बदलता येतं. ही सोय फार मोठी आहे. पण राउटरचा सगळ्यात नाजूक अवयवही तोच.

## पोथीला वाळवी लागली तरी आरती चालू राहते

सुरू होताना राउटर कार्डावरून लिनक्स वाचतो आणि मेमरीत, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या झटपट स्मृतीत, आणून ठेवतो. त्यानंतरचं चिठ्ठ्या वाटण्याचं काम जवळजवळ सगळं मेमरीतूनच चालतं. कार्डाकडे बघायची गरज क्वचित पडते.

देवळातल्या गुरुजींना पोथी तोंडपाठ आहे असं समजा. रोज बिनचूक म्हणतात. कपाटातल्या पोथीला वाळवी लागली तर कुणाला कळणार? ज्या दिवशी नवे गुरुजी येतील आणि पोथी उघडतील त्या दिवशी कळेल. राउटर बंद होऊन सुरू होतो तेव्हा दर वेळी नवेच गुरुजी आलेले असतात. त्यांना काहीही पाठ नसतं.

अभ्यासिकेतलं कार्ड मी लॅपटॉपला लावून बघितलं तेव्हा त्यावरच्या नोंदवहीची शेवटची ओळ मे महिन्यातली होती. त्याआधीच्या दहा-बारा ओळींत कार्डावर लिहिता येत नसल्याच्या तक्रारी. लिनक्सनं नियमाप्रमाणे कार्डावर लिहिणं थांबवलं होतं आणि पुढे ऑगस्टपर्यंत काम मेमरीतून रेटलं होतं. दरम्यान लाइट गेली नव्हती असं नाही, पण इन्व्हर्टर होता. त्या गुरुवारी लाइट लांबली, इन्व्हर्टरची बॅटरी संपली, आणि पोथी उघडायची वेळ आली.

## कार्डाच्या पोटात पाट्या असतात

कार्डात माहिती साठवणाऱ्या तंत्राला नँड फ्लॅश म्हणतात. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८७ मध्ये जगापुढे मांडलं. त्याची एक खोड समजली की कार्ड का बिघडतं हे आपोआप समजतं.

शाळेतल्या पाटीवर आपण एक अक्षर पुसून तिथे दुसरं लिहू शकतो. फ्लॅशच्या पाटीवर तसं करता येत नाही. लिहिता ओळ-ओळ येतं, पण पुसायची तर अख्खी पाटीच पुसावी लागते. आणि ही पाटी चांगलीच मोठी असते, काहीशे किलोबाइटपासून काही मेगाबाइटपर्यंत. म्हणजे एका ओळीची जागा मोकळी करायची, तर त्या पाटीवरच्या कामाच्या बाकी ओळी आधी दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यायच्या आणि मग पहिली पाटी पुसायची.

त्यात पाटी झिजते. एका घरात, म्हणजे साठवणीच्या सगळ्यात लहान कप्प्यात, एकच बिट (शून्य किंवा एक) साठवणाऱ्या महागड्या फ्लॅशची पाटी साधारण एक लाख वेळा पुसता येते. आपल्या नेहमीच्या कार्डांत एका घरात तीन-तीन बिट कोंबलेले असतात. ती पाटी हजार ते तीन हजार वेळांत थकते. म्हणून कार्डाच्या आत एक छोटा कारभारी चिप बसवलेली असते. ती पाट्या आलटून पालटून वापरते आणि कुठली ओळ आज कुठल्या पाटीवर आहे याची यादी ठेवते. संगणकाला वाटतं आपण शंभराव्या जागी लिहिलं. प्रत्यक्षात ते दर वेळी वेगळ्याच पाटीवर गेलेलं असतं.

आता नेमक्या उतरवाउतरवीच्या क्षणी लाइट जाते. निम्म्या ओळी नव्या पाटीवर, निम्म्या जुन्या पाटीवर, आणि यादी अर्धवट. इथे लोकांना सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट घडते. जी फाइल तुम्ही वर्षभर उघडलीसुद्धा नाही, तीच नेमकी खराब निघते. तिचा दोष एवढाच, की ती ज्या पाटीवर होती त्याच पाटीवर शेजारी दुसरं काही लिहिलं जात होतं. "कुणी हात लावला नाही" हे काकांचं म्हणणं खरंच होतं. कारभाऱ्यानं हात लावला होता.

## अभ्यासिका उघडते तसा राउटर उठतो

यंत्र सुरू होऊन कामाला लागण्याला बूट होणं म्हणतात. ते एका झटक्यात होत नाही, हातोहात होतं.

पहाटे अभ्यासिका कशी उघडते बघा. वॉचमनला एकच गोष्ट माहीत असते: फाटकाची किल्ली कुठल्या खिळ्याला टांगलेली आहे. तो फाटक उघडतो आणि मावशींना आत घेतो. मावशी दिवे लावतात, जिना उघडतात आणि काकांना हाक मारतात. काका येऊन ऑफिस ताब्यात घेतात, मग कपाट उघडून रजिस्टर आणि कामाची यादी काढतात. यादीप्रमाणे पाणी, वाय-फाय, वृत्तपत्रं एकेक लागतं.

राउटरमधला वॉचमन म्हणजे चिपमध्येच कोरलेला अगदी छोटा प्रोग्रॅम. मावशी म्हणजे बूटलोडर. लिनक्स कार्डावरून शोधून मेमरीत आणणं हे त्याचं काम. काका म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा. कपाट म्हणजे रूट फाइलसिस्टिम, बाकीच्या सगळ्या फाइली आणि सेटिंग ठेवलेला कार्डाचा भाग. यादी घेऊन एकेक सेवा सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम म्हणजे इनिट. एवढे चार शब्द लक्षात ठेवा, पाचवा लागणार नाही.

यातल्या प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता माहीत असतो. म्हणून राउटर उठत नाही तेव्हा "काय बिघडलं?" असं विचारण्याआधी "शेवटी कोण बोललं?" हे विचारायचं. मावशींची हाक ऐकू आली आणि काकांचा आवाज आला नाही, तर फाटक तपासण्यात वेळ घालवायचं कारण नाही.

## आधी हात आवरा

राउटर उठला नाही की माणूस स्विच बंद-चालू करत सुटतो. तसं करू नका. दर अर्धवट सुरुवातीत लिनक्स कार्डाची डागडुजी करायला बघतं, म्हणजे लिहायला बघतं. तेवढ्यात तुम्ही पुन्हा वीज तोडता. आजारी कार्डाला याहून वाईट काही नाही. एकदा बंद करून पूर्ण दोन मिनिटं वाट बघा, हे ठीक. दहा वेळा नको.

मग दिवे बघा. रास्पबेरी पायवर लाल दिवा विजेचा, हिरवा कार्डाच्या हालचालीचा. हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तेवढ्याच वेळा लुकलुकतो, तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. चार वेळा म्हणजे कार्डावरची फर्मवेअर फाइल (बूटलोडरचा कार्डावरचा भाग) सापडली नाही. सात वेळा म्हणजे तीही सापडली, पण कर्नलची फाइल मिळाली नाही. आठ वेळा म्हणजे मेमरीतच बिघाड. तिथे कार्ड बदलून उपयोग नाही. अभ्यासिकेतला दिवा सात वेळा लुकलुकत होता. मावशी दारापर्यंत आल्या होत्या, काकांचं घर सापडत नव्हतं.

पाय ४ मध्ये बूटलोडरचा पहिला भाग कार्डावर नसून बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो. त्यामुळे एक सोपी परीक्षा घेता येते. कार्ड काढा, टीव्ही किंवा मॉनिटर जोडा, वीज द्या. पडद्यावर निदानाची अक्षरं आली, तर बोर्ड बहुधा शाबूत आहे आणि संशय कार्डावर घ्यायला हरकत नाही.

## कार्डाला दोष देण्याआधी अॅडॉप्टर बदला

हे मी कळकळीनं सांगतो, कारण इथे लोकांचे दिवस वाया जातात. सुरू होताना राउटर एकदम जास्त वीज ओढतो. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक, लांब वायर असेल तर तेवढ्या क्षणापुरता दाब खाली येतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अॅडॉप्टर लागतो. दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो तक्रार नोंदवतो. त्या अवस्थेत कार्डावर लिहिलं गेलं तर अर्धवट लिहिलं जातं. चालू राउटर तेवढ्यापुरता तग धरतो. उठणारा राउटर अर्ध्या जिन्यात कोसळतो, पुन्हा उठतो, पुन्हा कोसळतो. लक्षणं थेट खराब कार्डासारखी. म्हणून पहिला बदल अॅडॉप्टर आणि वायर यांचा. दुसरा, कार्ड काढून मऊ कोरड्या कापडानं संपर्काच्या पट्ट्या पुसून परत नीट बसवणं. पावसाळ्यात खडकवासल्याच्या बाजूच्या दमट खोल्यांत एवढ्यानं उठलेले राउटर मी बघितले आहेत.

## घोडं कुठे पेंड खातंय?

दिव्यांच्या पुढचं ऐकायचं तर राउटरचं बोलणं वाचावं लागतं. पडदा जोडायची सोय नसेल तर सिरियल कन्सोल वापरतात. राउटर उठताना जे जे पुटपुटतो ते एका बारीक वायरीतून लॅपटॉपवर दाखवणारी ही जुनी सोय. त्यासाठीची यूएसबीची छोटी केबल बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते. तीनच तारा जोडायच्या: जमीन, पाठवणारी, घेणारी. एकाची पाठवणारी दुसऱ्याच्या घेणारीला. चौथी, विजेची तार मोकळी सोडायची. केबल ३.३ व्होल्टची आहे याची खात्री करायची, कारण जुन्या नऊ पिनांच्या संगणकी पोर्टचा दाब थेट दिला तर बोर्ड खरोखरच जळेल. वेग बहुतेक ठिकाणी १,१५,२०० असतो. पीसी इंजिन्सच्या जुन्या अॅलिक्स बोर्डांवर ३८,४०० आणि सोएक्रिसच्या बोर्डांवर १९,२०० ठेवलेला असे. वेग चुकला तर पडद्यावर अक्षरांचा कचरा दिसतो. तो बिघाड नव्हे, वेग बदलून बघा. आणि पायवर सिरियल आधीच सेटिंगमध्ये चालू केलेलं असावं लागतं. राउटर बसवतानाच ते करून ठेवा.

आता शेवटची ओळ वाचायची.

काहीच आलं नाही, तर वॉचमनच आला नाही: वीज, बोर्ड किंवा केबल.

बूटलोडरपाशी अडकलं, तर एक जुनं दुखणं आठवतं. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या काळात लिलो नावाचा बूटलोडर असे. तो आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून छापायचा आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी पार. भोसरीतल्या एका युनिटमध्ये राउटर "एल" आणि पुढे आकडे छापून गप्प बसायचा. तेच कार्ड लॅपटॉपवर मात्र व्यवस्थित वाचलं जायचं. कारण गमतीचं वाटेल, पण ते त्या काळी फार ठिकाणी भोवलं. अभ्यासिकेत "तिसऱ्या रांगेतला पाचवा बाक" असा पत्ता दिला आणि देणारा एका रांगेत २५५ बाक धरतोय, शोधणारा १६, तर दोघं वेगळ्याच बाकापाशी पोचतील. यूएसबी कार्ड-रीडर आणि राउटरचा बायोस (म्हणजे तिथला वॉचमन) कार्डाची मोजणी अशीच वेगवेगळी धरत. उपाय म्हणजे दोन्हीकडे रांगा न मोजता सरळ अनुक्रमांकानं पत्ता द्यायचा, किंवा बूटलोडर त्याच यंत्रावर बसवून लिहायचा.

कर्नल सुरू झाला आणि कपाटापाशी अडला, तर "कर्नल पॅनिक" असे भीतिदायक शब्द दिसतात. घाबरू नका. काका म्हणतायत, "मला कपाट मिळत नाही, मी पुढे काय करू?" त्या ओळीत "अननोन-ब्लॉक" या शब्दांपुढे कंसात दोन आकडे असतात आणि सगळं त्यातच आहे. ०,० असेल तर कपाटाचा पत्ताच लागला नाही. १७९,२ असं असेल, तर १७९ हा एसडी कार्डाचा ओळख क्रमांक आणि २ म्हणजे त्यावरचा दुसरा भाग. म्हणजे कपाट सापडलं, पण दार उघडेना. पहिल्यात पत्ता दुरुस्त करायचा, दुसऱ्यात कपाट.

पत्ता का चुकतो? एक कारण घाई. कर्नल कपाटाकडे जातो तेव्हा कार्ड-रीडर अजून जागाच झालेला नसतो. कपाट टेम्पोतून उतरतंय आणि काका कुलूप शोधतायत. कर्नलला द्यायच्या सूचनांच्या ओळीत "रूटवेट" हा एक शब्द घातला की तो थांबून राहतो. तो शब्द असूनही "वेटिंग फॉर रूट डिव्हाइस" म्हणत अनंत काळ उभा राहिला, तर पत्त्यावरचं नाव चुकलंय. हे बहुतेक तेव्हा होतं जेव्हा कुणी जुन्या कार्डावरच्या फाइली नव्या कार्डावर नुसत्या कॉपी केलेल्या असतात. नव्या कार्डाची ओळख वेगळी, सूचनेत जुनीच लिहिलेली.

आणि सगळं होऊन "इमर्जन्सी मोड" आला, तर कपाट उघडलंय, यादीतली एखादी वस्तू मिळत नाही. कितीदा तरी ती वस्तू म्हणजे कधीकाळी लावलेला आणि नंतर कुणीतरी काढून नेलेला पेनड्राइव्ह असतो. यादीत त्या ओळीला "नोफेल" असं जोडलं की तो नसला तरी राउटर अडत नाही.

## "नवीन कार्ड टाकून मोकळं व्हावं ना?"

टाकावंच. पण आधी जुन्या कार्डाची नक्कल करा. तीन वर्षांत बसवलेले नियम, पासवर्ड, कुठल्या खोलीला किती वेग ही सगळी सेटिंग त्याच कार्डावर आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही, असं दहातल्या बहुतेक ठिकाणी मला आढळतं.

कार्ड विंडोजच्या लॅपटॉपला लावलं की लगेच खिडकी येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. नाही म्हणा. कार्ड खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. लिनक्सचं कपाट विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. "हो" दाबून आपल्या हातानं राउटर पुसलेल्या माणसांचे चेहरे मी बघितले आहेत. फार वाईट वाटतं.

नक्कल लिनक्सच्या लॅपटॉपवर, डीडीरेस्क्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं करावी. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि त्यांच्यापाशी नंतर परत येतो. जळत्या घरातून आधी हाताशी येईल ते बाहेर काढतात, तिजोरीच्या कुलपाशी झटत बसत नाहीत, तसंच. दुरुस्तीचा प्रोग्रॅम, ज्याला एफएससीके म्हणतात, तो या नकलेवर चालवा. मूळ कार्डावर नको. तो फाइलसिस्टिमची वही जुळवून देतो, पण जुळवताना काही पानं फाडतोही.

कार्ड खरंच थकलंय का, याची एक खूण सांगतो. त्यावरची एखादी बिनकामाची फाइल पुसा, कार्ड नीट बाहेर काढा, परत घाला. फाइल जशीच्या तशी दिसली तर कार्डानं लिहिणं सोडलं आहे. "हो, लिहिलं" म्हणतं आणि काहीच करत नाही. अभ्यासिकेचं कार्ड असंच वागत होतं. नवीन कार्डही घेतल्या घेतल्या तपासा. ६४ जीबी लिहिलेलं आणि प्रत्यक्षात ८ जीबीचं, अशी खोटी कार्डं बाजारात असतात. लिनक्सवर एफ-थ्री आणि विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतात. वेळ लागतो, लागू द्या.

## "राउटर उठलाय, वाय-फायही दिसतोय, मग नेट का नाही?"

वाय-फायचं नाव दिसणं ही यादीतली एक ओळ झाली. मागे दोन दुखणी नेहमीची.

पहिलं घड्याळाचं. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट गेली की तो काळ विसरतो आणि उठल्यावर जुनीच तारीख धरून चालतो. सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं तारखेवर चालतात, त्यामुळे ती त्याला "अजून सुरूच झालेली नाहीत" अशी वाटतात. साइटची नावं पडताळून घेण्याची कडक सोय चालू असेल तर आणखी पेच. घड्याळ लावायला नेट हवं, नेटवरचं नाव शोधायला पडताळणी हवी, पडताळणीला घड्याळ हवं. छोटं घड्याळ-मॉड्यूल लावलं किंवा वेळेच्या सर्व्हरचा थेट आकडी पत्ता देऊन ठेवला की गाठ सुटते.

दुसरं, वायरींच्या नावांची अदलाबदल. यूएसबीनं जोडलेली दोन नेटवर्क पोर्टं उठताना ज्या क्रमानं जागी होतात त्या क्रमानं नावं घेतात. कधी आतलं बाहेरचं होतं. नावं पोर्टाच्या कायमच्या ओळख क्रमांकाला बांधून ठेवायची.

## "यूपीएस लावला की प्रश्न मिटला?"

अर्धा. अचानक वीज जाऊन लिहिणं तुटण्याचा धोका कमी होतो, म्हणून लावाच. पण झिजण्यावर यूपीएसचा काही उपाय नाही, आणि अभ्यासिकेत तर इन्व्हर्टरनंच बिघाड तीन महिने झाकून ठेवला. शिवाय बॅटरी संपली की राउटरच्या दृष्टीनं ते लाइट जाणंच. बॅटरी संपत आली हे राउटरला तारेनं कळवून त्याला स्वतःहून नीट बंद होऊ देणारा यूपीएस असेल तर उत्तम.

झिजण्याचं मूळ मात्र वेगळं होतं आणि चूक माझी होती. कुठल्या मोबाइलनं कुठल्या वेबसाइटचं नाव विचारलं याची प्रत्येक नोंद कार्डावर लिहिण्याची सोय मी तपासणीसाठी चालू केली आणि बंद करायची राहिली. साठ मुलं, रोज पंधरा तास, तीन वर्षं. पाट्या झिजणारच. आता नोंदी मेमरीत ठेवल्या आहेत; लाइट गेली तर त्या जातील, जाऊ देत. फाइल नुसती वाचली तरी तिची वेळ कार्डावर टिपण्याची लिनक्सची सवयही बंद केली. आणि कार्ड घेताना कारच्या किंवा सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यासाठी, म्हणजे सतत लिहिणं सोसण्यासाठी बनवलेलं घेतलं.

## "मग कंपनीचा तयार डबाच का नको?"

घरात चार माणसं आणि एक टीव्ही असेल तर तोच घ्या. मी आईकडे तोच लावला आहे. पण त्यातली चिप बिघडली की डबा कचऱ्यात जातो, आणि प्रत्येक मुलाला समान वेग वाटून देण्यासारख्या गोष्टी त्यात हव्या तशा करता येतीलच असं नाही. दुरुस्त करता येणं ही अभ्यासिकेसारख्या जागेची गरज आहे.

मधला मार्ग ओपनडब्ल्यूआरटीचा. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-५४-जी या राउटरच्या खुल्या झालेल्या कोडमधून २००४ मध्ये सुरू झालेलं, राउटरसाठीच बनवलेलं हे लिनक्स. त्याच्या स्क्वॉशएफएस प्रकारात मूळ प्रणाली छापील पुस्तकासारखी, न बदलणारी असते आणि तुमची सेटिंग त्यावर ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरवर लिहिली जातात. सेटिंग बिघडली की कागद बाजूला करून, फेलसेफ म्हणतात त्या अवस्थेत, राउटर उठवता येतो आणि १९२.१६८.१.१ या पत्त्यावर जाऊन दुरुस्ती करता येते. हवं तर कागद फेकून नवा घेता येतो. त्याचाच ईएक्सटी-४ प्रकार घेतला तर ही कागद फेकायची सोय मिळत नाही, म्हणून कार्ड तयार करताना फाइलचं नाव नीट वाचा.

## पाकीट

त्या रात्री नऊच्या सुमारास अभ्यासिकेत नेट आलं. डीडीरेस्क्यूनं कार्डाचा बहुतेक भाग वाचला, सेटिंग सगळी मिळाली. कर्नलची फाइल तेवढी गेली होती आणि ती काय, कुठूनही नवी मिळते. दोन कार्डं एकसारखी तयार केली. एक राउटरमध्ये, दुसरं कागदी पाकिटात घालून राउटरच्या खाली चिकटवलं. पाकिटावर तारीख आणि "हे कार्ड तपासलेलं आहे" असं काकांनीच लिहिलं.

आता महिन्यातल्या पहिल्या रविवारी पहाटे, मुलं यायच्या आधी, काका राउटर नीट बंद करून मुद्दाम सुरू करतात. उठला तर पाकिटावर तारीख टाकतात. दर तिसऱ्या महिन्याला दोन्ही कार्डांची अदलाबदल करतात आणि पाकिटातल्या कार्डावरूनही तो उठतो का बघतात. आत्तापर्यंत पाकिटावर सात तारखा झाल्या आहेत. सहाव्या तारखेपुढे लिहिलंय: "हिरवा दिवा चार वेळा. कार्ड परत बसवलं, उठला." मला त्यांनी फोनसुद्धा केला नव्हता.